नऊ हजार बारा

१

पैज लावली बोक्यानं आणि घेतली उचकीनं. शहाण्या माणसानं बोक्याशी पैज घेऊ नये. हरला तर तो पाळत नाही आणि जिंकला तर महिनाभर जगाला सांगत सुटतो. पण शहाणं माणूस त्या खोलीत होतंच कोण?

"तू म्हणजे नुसती तोंडाची वाफ," बोका म्हणाला. "हिंमत असेल तर बाबांचा दोरा काप. त्यांना कळलं नाही तर वर्षभर तुझं दप्तर मी वाहीन."

"वर्षभर?"

"वर्षभर. आणि वर तुला ताई म्हणेन."

इथेच पोरगी फसली. बोका तिचा मामेभाऊ, तिच्याहून सात महिन्यांनी मोठा, आणि ते सात महिने तो रोज तिच्या डोक्यावर आपटायचा. त्याच्या तोंडून ताई ऐकायचं म्हणजे दोरा काय, तिनं वीज खात्याची तारसुद्धा कापली असती.

उचकी हे तिचं खरं नाव नव्हे. मामानं ठेवलेलं. का, तर नको त्या वेळी येते आणि थांबता थांबत नाही. भूगोलात दोनदा गचकलेली, पण नकला करण्यात एक नंबर. मामाचा आवाज तर असा काढायची की एकदा खालच्या टपरीवाल्यानं तेवीस चहा वर पाठवले होते. एकदा तिनं ऑफिसच्या रेडिओवरून मावशीला मामाच्या आवाजात सांगितलं होतं, "अगं परत फीर, घरी गॅस चालू राहिलाय." मावशी तेव्हा समुद्रावर अकरा हजार मीटर उंच होती.

मावशी वैमानिक. मोठी मालवाहू विमानं चालवायची. उचकीची आई गेल्यापासून मावशी हेच तिचं घर, आणि मावशी उडाली की मामाचं ऑफिस हेच तिचं घर.

त्या दिवशी मावशी सकाळी सहालाच उडाली होती.

२

आता दोरा म्हणजे काय, ते सांगितलं पाहिजे.

मामाचं ऑफिस तीन खोल्यांचं. कंपनी विमानं भाड्यानं द्यायची आणि मामाचं काम एकच. विमान कुठून निघणार, कुठे उतरणार, मधलं अंतर किती, आणि त्यावरून टाकीत इंधन किती भरायचं. दोन्ही विमानतळं इथून कुठल्या कुठे. मामानं त्यातलं एकही पाहिलं नव्हतं. खुर्चीतून न उठता तो अख्खी पृथ्वी मोजायचा.

अंतर कॉम्प्युटर सांगायचाच. पण मामाचा त्याच्या एकट्यावर भरवसा नव्हता. कोपऱ्यात पृथ्वीचा गोल होता, दोन हातांत जेमतेम मावेल असा. मामा खिशातून पांढरा सुती दोरा काढायचा, एक टोक या विमानतळावर, दुसरं त्या विमानतळावर, आणि मधे ताणून धरायचा. "सपाट नकाशा खोटं बोलतो," म्हणायचा. "गोलावर ताणलेला दोरा खोटं बोलूच शकत नाही."

दोऱ्याला गाठी होत्या. प्रत्येक गाठ म्हणजे हजार किलोमीटर. पाचवी गाठ लाल, दहावी लाल. मामाचं बोट इतकं सरावलं होतं की मधल्या चार गाठी तो मोजायचाच नाही. लाल गाठीपासून पुढे-मागे बघायचा आणि आकडा मोठ्यानं म्हणायचा. मग दुसऱ्या कुणीतरी दोऱ्याकडे बघून "बरोबर" म्हणायचं आणि कागदावर सही ठोकायची. दुसऱ्यानं "बरोबर" म्हटल्याशिवाय मामाच्या टेबलावरून एक कागद हलला नव्हता. त्याच्या जोडीचा कारकून आठवडाभर रजेवर होता. म्हणून ते "बरोबर" सध्या उचकीकडे होतं.

सकाळी मावशीच्या फेरीला तिनंच म्हटलं होतं.

"दहाव्या गाठीच्या एक गाठ अलीकडे. नऊ हजार," मामा म्हणाला होता.

"बरोबर. पण कॉम्प्युटर नऊ हजार बारा म्हणतोय."

"ते बारा दोऱ्याच्या जाडीत गेले. कर सही, अतिशहाणे."

अकरा तासांचा प्रवास, वर तासाभराचं जादा इंधन. पाच वाजता मावशी उतरणार, सहा वाजेपर्यंत टाकीत काहीतरी असणार. मावशीनं आतापर्यंत ही फेरी इतक्यांदा मारली होती की घरात कुणी "किती लांब गं?" विचारलं की ती म्हणायची, "नऊ हजार बारा."

३

मामा जेवायला गेला तेव्हा कोट खुर्चीवर होता आणि दोरा कोटात.

उचकीनं कात्री घेतली. सहाव्या गाठीपासून पुढचा, सातव्या गाठीसकट तुकडा कापला, बोटाच्या पेराहून जरा मोठा. उरलेली दोन टोकं बांधून सहाव्या गाठीच्या जागी एकच गाठ पाडली. आता दोन लाल गाठींच्या मधे चाराच्या ऐवजी तीनच गाठी. नऊ हजारांच्या जागी दहावी लाल गाठ येणार, मामा दहा हजार म्हणणार, कॉम्प्युटर नऊ हजार बारा म्हणणार, आणि मामा डोकं खाजवत सात वेळा पृथ्वीला मिठ्या मारणार. एवढीच गंमत. नंतर दोरा परत जोडायचा, बस्स.

तुकडा तिनं कंपासपेटीत टाकला.

एकला मावशीचा रेडिओ आला. दर तासाला यायचा. "बत्तीसशे बहात्तर राहिले, दादा. हवा झकास. कार्टी जेवली का?"

"जेवली. माझा डबा पण जेवली."

दीडला मामानं दुसऱ्या दिवशीच्या फेरीचा कागद घेतला. विमान वेगळं, विमानतळं तीच. दोरा ताणला. बोक्यानं दाराआडून उचकीला डोळा मारला.

मामाचं बोट लाल गाठीवर टेकलं. "दहा हजार," तो म्हणाला.

उचकीनं गाल आतून चावून हसू दाबलं. "बरोबर," ती म्हणाली. आणि ठोकली सही.

मामानं कॉम्प्युटरचं बटण दाबलं. उचकी वाट बघत राहिली. आता भुवया वर जाणार, आता...

"दहा हजार बारा," मामा म्हणाला. "जुळलं." आणि कागद ट्रेमध्ये टाकून चहाला हाक मारली.

४

आधी तिला वाटलं, मामानंच डाव उलटवला. चोराच्या मनात चांदणं. तिनं स्वतः जाऊन कॉम्प्युटरमध्ये दोन्ही विमानतळं घातली.

१०,०१२.

उलट बाजूनं घातली. १०,०१२.

मग तिनं कपाटातलं जुनं रजिस्टर काढलं. मामाचं अक्षर, शाई विटून तपकिरी झालेली, तिच्या जन्माच्या आधीची पानं. तीच फेरी. दहा हजार बारा. पुढच्या पानावर दहा हजार बारा. तिनं एकाचा आकडा नखानं खरवडून पाहिला. जुनी शाई होती, कागदात मुरलेली.

"बोक्या, इकडे ये. मावशीची फेरी किती किलोमीटरची?"

"दहा हजार बारा. का?"

"नऊ."

"नऊ काय? जन्मापासून दहा ऐकतोय."

"अरे दोरा कापला ना मी! तुझ्यासमोर!"

बोक्यानं तिच्याकडे पाहिलं. तो थट्टा करत असला की त्याचा डावा कान हलतो. कान हलत नव्हता. "कुठला दोरा?" तो म्हणाला. तिनं कोटातला दोरा काढून त्याच्या नाकासमोर धरला. त्यानं दोन लाल गाठींमधल्या गाठी मोजल्या. "तीन. बरोबर आहे की. तीनच असतात."

उचकीनं कंपासपेटी उघडली. तुकडा होता. म्हणजे डोकं ठिकाणावर होतं. तिनं तो उचलला आणि पटकन टाकला.

ओला होता. बोटाला जीभ लावून पाहिली तर खारट.

५

दोनला रेडिओ खरखरला.

"दादा, माझं यंत्र बिघडलंय का बघ रे. तासाभरापूर्वी बत्तीसशे बहात्तर राहिले होते. आता चौतीसशे बावन्न दाखवतंय. मी पुढे चाललेय की मागे?"

मामानं मावशीचा सकाळचा कागद ट्रेमधून काढला. आणि मामाचं तोंड उचकीनं असं कधी बघितलं नव्हतं. रक्त उतरताना दिसतं माणसाच्या तोंडावरून, खरंच दिसतं.

त्या एका कागदावर नऊ हजार बारा होतं.

"हे मी काय लिहिलं?" मामा पुटपुटला. "हजार किलोमीटर कमी? हजार?" त्यानं पेन्सिल घेतली. आकडेमोड करताना त्याच्या ओठांचा आवाज येत होता. वाटेला बारा तास बारा मिनिटं. टाकीत इंधन बारा तासांचं. "एकशे बहात्तर किलोमीटर कमी पडणार. मधे नुसता समुद्र. एक बेट नाही." पेन्सिल मोडली. "माझी बहीण आहे गं ती. माझ्या हातानं..."

"मामा, तुझी चूक नाहीये."

"मग कुणाची?"

आत्ता सांगायला हवं होतं. शब्द दातांपर्यंत आला आणि तिथेच बसला. ती स्वतःशी म्हणाली, आधी नीट करते, मग सांगते. तोंडानं काय, कुणीही माफी मागेल.

ती दोरा आणि कंपासपेटी घेऊन मागच्या खोलीत गेली. जुन्या फायली, बंद पंखा, एक खिडकी. ओला तुकडा मधे धरून तिनं दोन्ही टोकं बांधली. करकचून. बाहेर येऊन गोलावर ताणला. नऊ. मामा फोनवर ओरडत होता, त्याची पाठ होती. तिनं बटण दाबलं.

१०,०१२.

हातात काहीतरी सैल झालं. तुकडा जमिनीवर पडला होता आणि दोरा पुन्हा तीन गाठींचा होता. सोडलेल्या टोकांचा पत्ताच नव्हता.

तिनं पुन्हा बांधला. दुहेरी गाठ. पडला. डिंक लावला. पडला. चौथ्यांदा दातांनी ओढून बांधला, ओठ खारट झाले, आणि या वेळी तिनं गाठीवरून नजर काढली नाही. पापणीसुद्धा लववली नाही. गाठ कशी सुटते ते बघायचंच होतं.

गाठ सुटलीच नाही. ती कधी नव्हतीच, असं झालं.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. पण उचकीची एक गोष्ट आहे, पोरगी भेदरली की रडत नाही, चिडते. ती फायलींवर बसली आणि सगळं पहिल्यापासून आठवू लागली. कात्री चालवली तेव्हा काही बदललं नव्हतं. एकला मावशी ठीक होती, दोरा तर त्याआधीच कापलेला. बदललं ते दीडला.

दीडला तिनं काय केलं होतं?

"बरोबर" म्हटलं होतं.

ती धावत बोक्याकडे गेली. "मी दोरा धरते, नऊ म्हणते. तू बरोबर म्हण."

"का म्हणू? नऊ नाहीच आहे."

"तुला काय जातंय रे! एक शब्द!"

"खोटं कशाला म्हणू?" बोका म्हणाला. जन्मात पहिल्यांदा त्याला खरेपणाचा पुळका आला होता.

तिनं तुकडा कंपासपेटीत ठेवला, पेटी फ्रॉकच्या खिशात, आणि मामाच्या टेबलाकडे निघाली. तेवढ्यात तीन वाजले.

६

"दादा." मावशीचा आवाज शांत होता. जास्तच शांत. "शेजारी एक ढग आहे, कानाच्या आकाराचा. तासभर तोच आहे."

"तू वेग कमी..."

"वेग ठीक आहे. खाली बघितलं. समुद्र आहे, पण लाटा हलत नाहीत रे. रंगवल्यासारख्या आहेत."

उचकीची नजर गोलाकडे गेली. निळा रंग. त्यावर चित्रकारानं पांढऱ्या बारीक रेघांनी काढलेल्या लाटा.

"आणि एक धावपट्टी आहे खाली," मावशी म्हणाली. "नकाशात नाही. पांढरी, सरळ, बारीक. दोन्ही टोकं उसवल्यासारखी. इंधन पुरणार नसेल तर उतरू का? पण आधी त्या कार्टीला गप्प कर."

"कुणाला?"

"भाचीला तुझ्या! मगापासून तुझा आवाज काढतेय रेडिओवर. 'उतर, उतर, मी सांगतोय ना, उतर.' शेजारी माझा जोडीदार म्हणतो त्याला काहीच ऐकू येत नाही. मला येतंय. कान उपट तिचा."

मामानं मान वळवली. उचकी त्याच्यापासून हातभर अंतरावर उभी होती. तोंड मिटलेलं. दोन्ही हात खिशावर.

पण खिशातली कंपासपेटी थरथरत होती. बोलणाऱ्या माणसाच्या गळ्यावर हात ठेवला की लागतं तसं. थांबून थांबून. शब्दांमधे श्वास घेत.

"परत म्हणतेय," मावशी म्हणाली. "अगदी तुझाच आवाज, दादा. मी खाली घेतेय विमान."

"थांब!" उचकी किंचाळली. मामाच्या हातातून तिनं माईक ओढला. "मावशी, मी आहे! मी इथे आहे, मामाच्या शेजारी! उतरू नकोस!"

खरखर.

"मग हे कोण बोलतंय?" मावशी म्हणाली.

उचकीनं माईक ठेवला, पेटी काढली, मामासमोर उघडली. आणि मग ते तोंडात अडकलेलं सगळं एका दमात बाहेर आलं.

"मामा, तुझी चूक नाही. मी दोरा कापला. पैजेवर. तू लाल गाठ बघून दहा म्हणालास आणि मला माहीत होतं ते खोटं आहे, तरी मी बरोबर म्हटलं. हसत म्हटलं. चूक होतं, मामा. चूक. नऊ हजार बारा आहे. मार मला नंतर, हवं तेवढं मार, आत्ता फक्त मोज."

मामा तुकड्याकडे बघत राहिला. तिला वाटलं, हाही म्हणणार, कुठला दोरा. पण मामानं तुकडा चिमटीत धरला, आणि पंचवीस वर्षं तोच दोरा फिरवलेल्या बोटांना काहीतरी कळलं असावं.

"ही माझी गाठ आहे," तो म्हणाला. "सातवी. हिचं टोक मी जास्त ठेवलं होतं." मग ओरडला, "बांध लवकर!"

तिनं बांधलं, त्यानं धरलं. गोलावर ताणताना पृथ्वी खडखडत होती.

"नऊ हजार," मामा म्हणाला.

या वेळी उचकीनं लगेच तोंड उघडलं नाही. मावशी खाली उतरत होती तरी नाही. तिनं पहिल्या गाठीपासून नख फिरवलं. एक. दोन. तीन. चार. लाल. सहा. सात, ओली. आठ. नऊ. नऊवर विमानतळ.

"बरोबर," ती म्हणाली.

मामानं बटण दाबलं. गाठ हातात तशीच होती.

९,०१२.

७

रेडिओ तीन मिनिटं गप्प होता. मामा भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होता आणि उचकी रेडिओवरच्या लाल दिव्याकडे. बोका दारात येऊन म्हणाला, "काय झालं? आत्या ठीक आहे ना? नऊ हजार बाराला असा कितीसा वेळ लागतो?"

"सोळाशे बत्तीस राहिले," रेडिओ म्हणाला. मावशी होती. धाप लागल्यासारखी. "दादा, ढग गेला. धावपट्टीही गेली. लाटा हलतायत. मी पाचला पोचते."

मामा खुर्चीत बसला. बसला म्हणजे कोसळलाच. त्यानं माईक उचकीकडे सरकवला आणि मान हलवली. सांग, तिलाही सांग.

उचकीनं बटण दाबलं. "मावशी, मामानं काही केलं नाही. मी दोरा कापला होता. बोक्याशी पैज. तो मला ताई म्हणणार होता."

"तरीच!" मावशी म्हणाली, आणि तिच्या आवाजात सुटल्यासारखं हसू आलं. "म्हणजे तो आवाजही तूच काढत होतीस. मघाशी शेजारी उभी आहे म्हणालीस, तीही थापच. मेले, जीव गेला असता ना माझा! घरी येऊ दे, बघतेच तुला. इतका हुबेहूब काढलास. शेवटी तर मला लहानपणीच्या नावानं हाक मारलीस. ते तुला दादानंच सांगितलं असणार."

उचकीनं मामाकडे पाहिलं. मामानं सावकाश, खूप सावकाश, मान हलवली. नाही.

टेबलावर कंपासपेटी उघडी होती. आत कर्कटक, खोडरबर, आणि जिथे तुकडा ठेवला होता तिथे पाण्याचा एक लांबट डाग. डाग वाळत नव्हता.

हो म्हणणं सोपं होतं. मावशी हसत होती, अजून दोन तास तिला समुद्रावरूनच जायचं होतं. हो म्हटलं असतं तर सगळ्यांना बरं वाटलं असतं. पण आज त्या खोलीत एकदा खोटं "बरोबर" म्हणून झालं होतं.

तिनं माईक दोन्ही हातांनी धरला.

"दोरा मी कापला, मावशी. सही मी केली. खोटं मी बोलले. सगळं मीच केलं," ती म्हणाली. "तो आवाज सोडून."